कानाची साक्ष

मालाडच्या कॉल सेंटरमध्ये माझं नाव नॅन्सी होतं. ब्रिटनची प्रोसेस, त्यामुळे शिफ्ट दुपारी सुरू होऊन रात्री उशिरा सुटायची. त्या फ्लोअरवरचे बहुतेक चेहरे आता पुसट झालेत. हेडसेट दुरुस्त करणारे काका मात्र लख्ख आठवतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर ते कंत्राटावर आले होते आणि पँट्रीशेजारच्या खोलीत सोल्डरिंग गन घेऊन बसलेले असायचे.

आमची गाठ पडली ती एका कॉलमुळे. पलीकडच्या आजीबाईंचा आवाज फार क्षीण, म्हणून मी व्हॉल्यूम शेवटपर्यंत वाढवला होता. त्या बिलावरचा आकडा वाचत असताना तिकडे पाव करपला आणि छताला लावलेला धुराचा अलार्म बोंबलला. मी हेडसेट भिरकावला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. कानात दडा बसला, आत काहीतरी फडफडत राहिलं, आणि पुढे कित्येक आठवडे ताटात चमचा पडला तरी मी दचकायचे.

डॉक्टरांनी ऑडिओग्राम काढला. नॉर्मल! मग काय, टीम लीडरच्या हिशेबी ही रजेची युक्ती ठरली. या इजेला अकूस्टिक शॉक म्हणतात, ऐकण्याची चाचणी यात बहुतेकदा नॉर्मलच येते, आणि ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या कॉल सेंटरांत १९९०च्या दशकापासून अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत, हे मला कळलं ते फार नंतर.

काकांनी एकच विचारलं, "कॉल किती वाजता होता?" त्या वेळेचं रेकॉर्डिंग त्यांनी शोधून काढलं आणि स्पीकर बंद ठेवून पडद्यावर लावलं. आजीबाईंचं बोलणं मधल्या रेघेला चिकटलेल्या बारीक लवेसारखं दिसत होतं. त्याच्या पुढे, मध्ये काहीच नाही आणि एकदम, पडद्याच्या वरच्या-खालच्या कडांना टेकलेला काळाकुट्ट ठोकळा.

"हे बघ पोरी, हे तुझं दुखणं."

इतके दिवस माझं कोणाला खरं वाटत नव्हतं. इथे तर मी काही सांगायच्या आधीच ते दिसत होतं. मी रडले. त्यांनी चहा मागवला आणि समजावायला बसले, कारण रडणाऱ्या माणसापुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक नसावं. टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा आवाज जातो. असले अलार्म ३००० हर्ट्झच्या आसपास वाजतात, म्हणजे तार त्यांना अडवत नाही. वर कानाची नळीही नेमकी त्याच सुमाराचा आवाज वाढवते. कानात मोठ्या आवाजाला आवर घालणारा एक इवलासा स्नायू असतो, पण तो आवळेपर्यंत कधी कधी शंभर मिलिसेकंदही जातात.

जुन्या फोनांत रिसीव्हरच्या दोन टोकांवर उलटसुलट डायोड जोडत. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की जादा प्रवाह तेच गिळत. काकांच्या मते त्याने नुसता खटका मरतो. "मर्यादेच्या आतला सूरही अवचित आला तर माणूस हबकतोच. सूर ओळखायला पाहिजे. माणसाचा सूर हलतो, यंत्राचा जागचा हलत नाही."

मी फिजिक्सची पदवीधर, पण त्या एका वाक्यात जे होतं ते मला कॉलेजात कधी भेटलं नव्हतं. त्यांच्याच आग्रहावरून पुढे शिकले, आणि आज पोट भरते ते कॉलमधले असे आवाज गाळणारं सॉफ्टवेअर लिहून. साध्या फोन कॉलमध्ये आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने येतात. आम्ही ते वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत तपासतो. फॅक्सचे ११०० आणि २१०० हर्ट्झचे सूर ठरलेले, त्यामुळे गर्टझेल यांच्या १९५८च्या पद्धतीने ते चटकन सापडतात. अलार्म आणि शिट्ट्यांचा मात्र नेम नाही. तिथे काकांचं वाक्यच कामाला येतं: सगळी ताकद एका अरुंद पट्टीत साचली आहे का, आणि पुढच्या तुकड्यांतही ती तिथेच ठाण मांडून आहे का? असेल तर तेवढी पट्टी कापायची.

खरी पंचाईत वेळेची. ओळख पटेपर्यंत थांबावं तर कानाला बसायचा तो फटका बसतो. आवाज रोखून धरावा तर बोलण्याला उशीर होतो, आणि एका बाजूचा एकूण उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या वर गेला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर आदळू लागतात. म्हणून एकदम उसळलेला आवाज आधी दाबायचा, मग पारखायचा, आणि माणूस निघाला तर सोडून द्यायचा. हेल्पलाइनवर कोणी किंकाळी फोडली आणि ती आमच्या फिल्टरने गिळली, असं होता कामा नये. यावर मी जितकी भांडते तितकी दुसऱ्या कशावर भांडत नाही.

अपवाद एकच, नोंदीचा. फिल्टरने काही कापलं की वेळ, पातळी आणि वारंवारता यांची एक ओळ लिहून ठेवायची, हे मी पहिल्या आवृत्तीपासून घातलंय. गिऱ्हाइकं कुरकुरतात. फिल्टर हवा, नोंद कशाला? उद्या कोणी कान दुखतो म्हणून आलं तर तीच ओळ दाखवेल ना! काकांना हे सांगितलं तेव्हा ते फोनवर इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि म्हणाले, "काढू नकोस हं." नोंद काढण्याची विनंती परवा पुन्हा आली होती. मी नाही म्हणून कळवलं.