शेवटचा फोटो

अशोकस्तंभापासून आम्ही गंगापूर रोडने निघालो. के.टी.एच.एम. कॉलेज मागे पडले. पुढे नातलगांकडे जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता.

त्या घरात तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांखाली एक जुना काळा-पांढरा फोटो होता. हार घालून निजवलेल्या आजी, भोवती उभे भाऊबंद. सूनबाई म्हणाल्या, "आत्याबाईंचा जिवंतपणी फोटो निघालाच नाही. हाच पहिला, हाच शेवटचा." भोवतीच्या निम्म्या माणसांची नावे मात्र त्यांनाही सांगता येईनात.

मयताचा कसला फोटो, असे काहीजण म्हणतात. पण ज्यांच्या दारी कॅमेरा कधी आला नाही, त्यांच्या घरी तो चैन म्हणून काढलेला नव्हता. हे माणूस होऊन गेले, याची तेवढीच खूण होती.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. लाखोंचा जनसागर लोटला, तरी खेड्यापाड्यातले कितीतरी बांधव पोहोचू शकले नाहीत. नामदेव व्हटकरांनी ती अंत्ययात्रा चित्रित केली, म्हणून पुढच्या पिढ्यांनाही ती पाहता आली.

आज खिशाखिशात मोबाईल आहे. सरण पेटण्याआधी फोटो गावभर फिरतो. वाचक बंधू-भगिनींनो, फोटो जरूर काढा, पण घरच्यांना विचारून. आणि जुन्या फोटोंच्या पाठीमागे नाव, गाव, साल आजच लिहून ठेवा. सांगणारी म्हातारी माणसे अजून आपल्यात आहेत.