मोरचुदाचे निळे पाणी

बागलाणात मोरचूद ठाऊक नाही असे शेतकरी घर विरळाच. द्राक्षावरील केवडा आणि डाळिंबावरील तेल्या यांच्याशी झुंजणाऱ्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १०० लिटर पाणी हे बोर्डो मिश्रणाचे प्रमाण मुखोद्गत असते. याच मोरचुदाने धातूच्या पत्र्यावर नक्षी कोरता येते, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते.

नाताळच्या गव्हाणीसाठी लागणारे लहान भाग, म्हणजे खिडकीची जाळी, गाडीच्या चाकाचे आरे, कंदिलाची चौकट, आम्ही धर्मग्रामातील मुलांसह घरीच तयार करतो. इतके बारीक काम कातरीने होत नाही. तेथे कलाशाळांतील 'एचिंग'ची पद्धत उपयोगी पडते. जो भाग राखायचा तो लेपाने झाकावयाचा आणि जो काढायचा तो उघडा ठेवून द्रावणाकडून खाववायचा, एवढेच तिचे तत्त्व. युरोपातील चिलखत घडविणारे कारागीर शस्त्रांवर अशी नक्षी काढीत. त्यांच्यापासून ती चित्रकारांकडे गेली. आल्ब्रेख्त ड्यूररने १५१५ साली गेथशेमाने बागेतील प्रभूची व्याकूळ प्रार्थना लोखंडी पत्र्यावर याच रीतीने कोरून छापली.

आमची सामग्री अगदी साधी आहे. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, प्लास्टिकचे एक घमेले, नखांना लावायचे पॉलिश, एक सुई, मोरचूद आणि खायचे मीठ. पत्रा भांडी घासण्याच्या पुडीने इतका स्वच्छ करावा की पाणी त्यावर थेंबाथेंबाने न थांबता सलग पसरेल. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर लेप धरत नाही. मग दोन्ही बाजू लेपून वाळवाव्यात व सुईने आकृती उघडी करावी. द्रावण पत्र्याला खालीच नव्हे, तर लेपाच्या कडेखालून आडवेही खाते. म्हणून जाळीच्या काड्या हव्यात त्यापेक्षा किंचित जाड राखाव्या लागतात.

एक लिटर पाण्यात साधारण ५० ग्रॅम मोरचूद व तितकेच मीठ विरघळवावे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा असतो. नुसत्या मोरचुदाला तो सहसा भेदता येत नाही. मीठ ती वाट मोकळी करते. मग ॲल्युमिनियम विरघळते आणि द्रावणातील तांबे लाल गाळ होऊन बाहेर पडते. तो गाळ नक्षीत साचू नये म्हणून पत्रा उभा टांगावा व अधूनमधून मऊ कुंच्याने झाडावा. ही क्रिया उष्णता निर्माण करते व हायड्रोजन वायू सोडते. म्हणून पत्रा लहान, पाणी भरपूर, जागा उघडी, हातांत मोजे, डोळ्यांवर चष्मा आणि जवळपास दिवा नाही, मेणबत्तीही नाही, हा आमचा दंडक. घमेले पुन्हा स्वयंपाकघरात जात नाही.

एकदा हे काम पाहावयास आलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने जाळीचे कौतुक केले आणि लगेच विचारले, "फादर, हे निळं पाणी शेवटी टाकणार कुठं?"

मुलांना हा प्रश्न किरकोळ वाटला. आम्हांला मात्र तो साऱ्या कामातील सर्वांत मोलाचा प्रश्न वाटला. तांबे बुरशीला मारते, तसेच ते ओढ्यातील मासळीलाही मारते. आरम नदीच्या काठी राहून हे विसरणे बरे नव्हे.

उत्तरही त्या शेतकऱ्याच्याच अनुभवात होते. बोर्डो मिश्रण तयार झाल्यावर बागाईतदार त्यात लखलखीत विळा क्षणभर बुडवितो. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, पाने करपतील, हे ओळखून तो आणखी चुना घालतो. आम्हीही तेच करतो. काम आटोपल्यावर पत्र्याचे उरलेले तुकडे एकेक करून द्रावणात सोडतो व त्याची निळाई ओसरू देतो. मग थोडा थोडा चुना कालवितो. घासून चकचकीत केलेला खिळा त्यात तांबूस होत नाहीसा झाला की द्रावण रात्रभर निवळू देतो. गाळ वाळवून डब्यात बंद होतो. वरच्या पाण्यात मीठ असते, म्हणून ते झाडांच्या आळ्यात न ओतता भरपूर पाण्याने पातळ करून मोरीत सोडतो. या साऱ्याला जाळी कोरण्याहून अधिक वेळ लागतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीला आपल्या सर्वांचे सामाईक घर म्हटले. असे शब्द प्रवचनात सहज उच्चारता येतात. घमेल्यातील चार लिटर पाण्यासमोर त्यांची किंमत कळते. बाळ येशूच्या गव्हाणीसाठी केलेल्या कामाचे विष शेजाऱ्याच्या विहिरीच्या वाटेला लावणे ही भक्ती नव्हे. म्हणून मुलांना आमचे एवढेच सांगणे असते, की जाळी हाती आली म्हणजे काम संपले नाही. खिळा स्वच्छ निघेल तेव्हा ते संपले असे समजावे.