सगळंच सागवानी कशाला?

भाचीबाई,

पलंगाचे फोटो पाहिले. दिसायला झकास आहे, पण नुसत्या फोटोवरून लाकूड कोणतं हे बल्हारशाचा मुरलेला लाकूडवालाही सांगणार नाही. पॉलिश मारून कशालाही सागवानाचा रंग आणता येतो. दुकानदार ‘सॉलिड वुड’ एवढ्यावरच थांबत असेल तर त्याला झाडाचं नाव विचार आणि ते बिलावर लिहून घे. सॉलिडमध्ये सागवान येतं, तसं आंबा, बाभूळ आणि रबरवुडही येतं. रबरवुड म्हणजे पंचवीस-तीस वर्षं चीक देऊन थकलेल्या रबराच्या झाडाचं लाकूड. वाईट नाही, पण त्यावर औषधाची प्रक्रिया नीट झालेली नसेल तर किडा आणि बुरशी दोन्ही लागतात. सागवानाच्या भावात ते घ्यायचं नाही, एवढंच. आणि जोधपूरच्या मालावर ‘शीशम’ लिहिलेलं दिसलं तर ते आपलं काळसर शिसव समजू नकोस. ते उत्तरेकडचं, शिसवाचं भावंड म्हण, पण झाड वेगळं.

तुझ्या आईचा हट्ट की घर एकदाच होतं, सगळं सागवानीच कर. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी आपल्या चंद्रपूरचं सागवान गेलं, तेव्हापासून ताईला दुसरं लाकूड दिसेनासंच झालंय! माझं मत वेगळं आहे. कपाटं प्लायची कर. पैसे घाल ते खुर्च्या, जेवणाचं टेबल आणि पलंगात.

कारण सांगतो. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीला ते जवळजवळ हलत नाही, रुंदीला फुगतं आणि आकसतं. म्हणून तर पावसाळ्यात ड्रॉवर अडकतो आणि मे महिन्यात फळ्यांमध्ये फट दिसते. जुने सुतार हे ओळखून होते. ते दाराची चौकट करायचे आणि खाचेत फळी सैल ठेवायचे, सरस न लावता, म्हणजे तिला हलायला जागा राहते. आता तुला कपाटांना हवीत सात फुटी सपाट, गुळगुळीत दारं. ती अखंड लाकडात केली तर वाकणारच. प्लायमध्ये पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फारसं हलत नाही. कपाटाला ‘आयएस ३०३’चा शिक्का असलेलं पाणीरोधक प्लाय पुरे, सिंकखाली मात्र ‘आयएस ७१०’.

खुर्चीचं तसं नाही. माणूस मागे रेलला की सगळा जोर मागच्या पायांच्या सांध्यांवर येतो. पार्टिकल बोर्डात स्क्रूचं भोक एकदा सैल झालं की ती खुर्ची गेली. लाकडाचा सांधा सैल झाला तर सुतार उकलून, साफ करून पुन्हा बसवतो. खुर्ची उलटी करून बघ. नुसत्या स्क्रूवर आणि पट्ट्यांवर उभी असेल तर नको. खाचेत जीभ बसवलेली हवी. मग मागच्या पायावरच्या रेषा बघ. पाय वळणदार असला तरी रेषा त्याच्या लांबीनं जायला हव्यात. वळणापाशी त्या आडव्या कापल्या गेल्या असतील तर पाय नेमका तिथंच मोडतो. हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

टेबलाच्या वरच्या रेषा काठावरून खाली उतरून टोकाला झाडाच्या वलयांसारख्या दिसल्या तर लाकूड अखंड. काठाशी तुटल्या तर वर विनियर आहे, म्हणजे लाकडाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा. खालची बाजू बघायला लाजू नकोस. तिथं पॉलिश कमी असतं आणि गडद रंगाखाली दडवलेली पांढरट पट्टीही सापडते. ती गाभ्याबाहेरची, कीड आधी तिच्यात शिरते. सागवानाचं टिकाऊपण गाभ्यातल्या तेलात आहे.

टेबलासाठी मी तुझ्या जागी असतो तर पुण्यातच जुनं सागवान शोधलं असतं. वाडे पाडताना निघालेल्या तुळया विकायला येतात. कित्येक दशकं वाळलेलं लाकूड, नव्यापेक्षा कमी वाकणार. फक्त आत खिळे राहतात, करवतीचं पातं जातं आणि सुतार कुरकुरतो. त्याला दोन पैसे जास्त दे. तसंही सागवानात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे नव्या लाकडानंही हत्यारं लवकर बोथट होतात. त्याची तक्रार खोटी नसते.

पॉलिशचं तू ठरव. लाखेच्या फ्रेंच पॉलिशवर गरम कपाचा पांढरा डाग पडतो, पण तेवढाच भाग पुन्हा करता येतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन दणकट, मात्र चरा पडला की दुरुस्ती अवघड.

आणि खुर्च्या घेताना जावईबापूंना सोबत ने. टेबल तीस इंच आणि बैठक अठरा इंच हे सर्वसाधारण माप. त्यांच्या उंचीला ते पुरेल का, हे ते तिथं पंधरा-वीस मिनिटं बसल्याशिवाय कळायचं नाही. बिलाचा फोटो आधी मला पाठव, पैसे नंतर दे.

तुझा
मामा