हिंगाची डबी

खाजेची खरी वेळ रात्री दोननंतरची. दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे, आणि चारचौघांत हात नेता येत नाही ती जागा. सगळं जोडीनं, डावीकडे जसं, तसंच उजवीकडे. बारीक पाणीदार फोड यायचे, पण कुणाला दाखवीपर्यंत नखांनी त्यांचा निकाल लावलेला असायचा. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके.

जबलपुरात खाजेला कारणं कमी नाहीत: डास, घामोळं, नर्मदेतली डुबकी. आई म्हणाली, खरूज. मग घरातल्या सगळ्यांनी मानेपासून तळपायापर्यंत मलम फासलं. भाच्याला मजा आली. माझी खाज होती तिथंच.

पोट कुरकुरत नव्हतं, म्हणून गव्हाचं नाव निघालं नाही. शरबती गव्हाच्या प्रदेशात पोळीवर आळ घेणार तरी कोण?

शेवटी एका डॉक्टरांनी फोड सोडून शेजारच्या चांगल्या कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. पुरावा तिथंच असतो म्हणे. सापडला. ‘डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस’, गहू न सोसणाऱ्या सीलिअक रोगाचंच कातडीवरचं रूप. हर्पिसच्या विषाणूशी याचा संबंध नाही. फिलाडेल्फियाच्या लुई ड्यूरिंगनं १८८४ साली फोडांचे घोस पाहून हे नाव ठेवलं. या रोगात आतडंही बिघडलेलं असतं, हे कळायला १९६६ उजाडलं. निदानापर्यंत गेलेली माझी दोन वर्षं त्यापुढे काहीच नाहीत.

डॅप्सोन सुरू केल्यावर दोन दिवसांत खाज बसली. आत्यानं गोळीचं नाव मोबाइलवर शोधलं आणि गप्प झाली. महारोगावरची गोळी! तिनं माझं ताट वेगळं केलं नाही, पण ताटाकडे बघितलं.

गोळीनं खाज थांबते, आतडं सावरत नाही. त्यासाठी गहूच सुटावा लागतो. आजी गेल्यापासून भिंतीला टेकून ठेवलेली लाकडी परात खाली आली, ज्वारीची भाकरी पुन्हा थापली जाऊ लागली. मंडल्याची कोदो-कुटकी आली. तरी चार महिन्यांनी कोपर फुणफुणलंच. मग एके दुपारी मी भिंग घेऊन फोडणीचं सामान वाचत बसलो. हिंगाच्या डबीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत: मैदा.

“एवढ्याशा चिमटीनं?” आई म्हणाली. त्याच डबीतल्या हिंगानं तिनं मला आयुष्यभर वरण फोडणीला घातलं होतं. तिनं डबी उचलली, झाकण घट्ट लावलं आणि उगाचच पदरानं पुसली.

ग्वारीघाटावर ती अजून माशांना कणकेच्या गोळ्या घालते. नुसत्या स्पर्शानं काही होत नाही, हे तिला तीनदा सांगून झालंय. तरी मला दोन पायऱ्या वर बसवते. गोळ्या संपल्या की कोपरापर्यंत हात धुते आणि ओलेच माझ्यापुढे धरते. “बघ रे, नखांत राहिलं नाही ना?”