मांडवीचा पूल : वरून आणि खालून



सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडच्या कितीतरी घरांनी पणजीजवळचा मांडवीचा पूल ओलांडलेला असतो, पण तो हौसेने नव्हे. घरात कोणी अत्यवस्थ झाले, की गाडी बांबोळीच्या रुग्णालयाकडे धावते. म्हापसा मागे पडते, पर्वरीचा उतार लागतो, पूल येतो आणि जातो. खाली नदी आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येणार? म्हणून सुचवतो, कधी सवडीने गेलात, तर बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढा आणि हा पूल पाण्यातून पाहा.

ही मांडवी म्हणजे खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादईच. सत्तरीतून वाहत ती पणजीला समुद्राला मिळते. भरतीचे पाणी तिच्यात दूरवर आत चढते, म्हणून ती नावांची नदी झाली. खनिजाने भरलेल्या बार्जी वर्षानुवर्षे हिच्यातून मुरगाव बंदराकडे गेल्या. 2016 च्या कायद्याने उसगावच्या पुलापासून समुद्रापर्यंतचे 41 किलोमीटरचे पात्र राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 68 ठरले. म्हणजे इथे दोन रस्ते एकमेकांना छेदतात, एक पुलावरचा आणि दुसरा पाण्याचा.

पाण्याच्या रस्त्यालाही शिस्त असते. पुलाच्या खांबांमुळे पात्र आवळते, त्यामुळे गाळ्यात पाण्याला ओढ जास्त असते आणि खांबांच्या मागे भोवरे पडतात. शहाणा तांडेल नेमून दिलेल्याच गाळ्यातून, उजवी बाजू धरून होडी काढतो. होडी खांबाला कधी बांधत नाही. आणि निघण्यापूर्वी भरती पाहतो, कारण पाणी जेवढे चढेल तेवढी पुलाखालची मोकळी जागा कमी होते.

भरतीची वेळ कशी कळते? कोकणातला जुना ठोकताळा सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल, तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. आहे की नाही आपले घरचे पंचांग कामाचे! अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त उतरतेही.

आता या पुलाची खरी गोष्ट ऐका. इथला पहिला पूल, नेहरू पूल, 1970 च्या सुमारास झाला. लोकांना वाटले, चला, पिढ्यान्‌पिढ्यांची सोय झाली. पण काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारांना खाऱ्या हवेत गंज चढत होता. बाहेरून सारे धडधाकट, आतून पोखरलेले. 5 जुलै 1986 रोजी, ऐन पावसाळ्यात, तो पूल कोसळला.

मग पणजी आणि बार्देश यांना जोडून कोणी ठेवले? फेरीबोटींनी! पूल झाल्यावर जिची किंमत उतरली होती, ती फेरीबोटच पुन्हा उपयोगी पडली. शाळकरी पोरे, नोकरदार, बाजारहाट करणाऱ्या बायका, सगळ्यांची भिस्त तिच्यावर आली. धक्के शाबूत होते, बोट चालवणारी जाणती माणसे हाताशी होती, म्हणून ते जमले.

पुढे 1990 च्या दशकात शेजारी शेजारी दोन नवे पूल झाले. जानेवारी 2019 मध्ये त्यांच्या जोडीला उंच खांबांवरून तारांनी तोललेला अटल सेतू खुला झाला. जोडरस्ते धरून तो पाच किलोमीटरांहून थोडा अधिक लांब आहे. खालून पाहताना मान वर करावी लागते. पण त्याच वेळी तुम्ही ज्या बोटीत उभे असता, ती बेतीची फेरी आजही चालूच आहे.

मंडळी, यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. गावच्या ओढ्यावरचा साकव असो की मोरी, काँक्रीटला तडा दिसला, गंजाचा तांबूस डाग उमटला, तर "होईल काहीतरी" म्हणून पुढे जाऊ नका. ग्रामसभेत सांगा, लेखी द्या. आणि नवा रस्ता झाला म्हणून जुनी पायवाट, जुना उतार, जुनी होडी मोडीत काढू नका. विहिरीवर पंप बसला तरी शहाणा शेतकरी दोर-बादली घरात ठेवतोच ना? तसेच हे.