स्क्वॉटच्या दुसऱ्या दिवशीची भूक

वजन कमी करायचं म्हणून जिमला आलेली माणसं बारबेल उचलायला लागली की महिन्याभरात एक तक्रार हमखास येते. "मॅडम, खाणं कमी केलंय, पण भूक मात्र वाढतच चाललीय." सांगताना आवाज खाली गेलेला असतो, कारण आपलाच मनावर ताबा नाही असं प्रत्येकाला वाटत असतं. तसं नसतं, हे त्यांना पटवणं मी माझ्या कामाचा गाभा मानते.

खाणं कमी झालं आणि चरबी घटू लागली की, अंगात पुरेसा साठा आहे असं मेंदूला कळवणारं लेप्टिन उतरतं आणि भूक जागवणारं घ्रेलिन चढतं. नुसतं डाएट करणाऱ्यालाही हे चुकत नाही. त्यात स्क्वॉट, डेडलिफ्टसारखे जड व्यायाम आले की स्नायूंमधलं ग्लायकोजेन खर्ची पडतं आणि स्नायूंची डागडुजी पुढे दीड-दोन दिवस चालू राहते. माझा अनुभव असा, की ही भूक जिममधून निघताना फारशी जाणवत नाही. ती दुसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर गाठते, आणि तोवर कालच्या लेग डेशी तिचा काही संबंध असेल हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

डोंबिवलीहून रोज फोर्टला नोकरीला जाणाऱ्या एका ताईंची खाण्याची वही मी मुद्दाम जपून वाचली. सोमवारी रात्री स्क्वॉट. मंगळवारी सकाळी अर्धी बशी पोहे, दुपारी डब्यात दोन फुलके आणि दुधीची भाजी, चारला बिनसाखरेचा चहा. तिथून पुढे काही नाही. रात्री स्टेशनबाहेर वडापाव, घरी कुकर होईतो ओट्याशी उभ्या उभ्या फरसाण, आणि वर जेवण. पानं उलटत गेले, तर प्रत्येक मंगळवार असाच.

मी त्यांना वडापावाबद्दल एक शब्दही बोलले नाही. दुपारचा डबा बदलायला लावला. फुलके तेवढेच ठेवले, सोबत घट्ट मटकीची मोठी वाटीभर उसळ आणि काकडीची कोशिंबीर. ऑफिसातून निघण्याआधी दोन उकडलेली अंडी किंवा सालासकट मूठभर फुटाणे आणि पेलाभर ताक. लोकल पकडण्याआधी हे पोटात गेलंच पाहिजे, ही एकच अट. सोमवारी आणि मंगळवारी दोनेकशे कॅलरी जास्त, जिम नसलेल्या दिवशी तेवढ्याच कमी. आठवड्याचा हिशेब जागच्या जागी राहिला. वडापाव आपसूकच सुटला.

आपल्या शाकाहारी ताटात प्रोटीन कमी पडतं, हे मी रोज पाहते. डाएटवर असताना वजनं उचलणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीन हवं. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला 110 ग्रॅमच्या आसपास. पातळ वरण, भात, पोळी आणि फळभाजी यांतून त्याच्या निम्मंही जेमतेम मिळतं. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराएक ग्रॅम, कोरड्या पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांत पंचवीस. शेंगदाण्यांतही प्रोटीन भरपूर असतं, पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, तेव्हा ते मोजूनच खावेत.

पोट कशानं भरलेलं राहतं, याचा 1995 साली सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट यांनी अभ्यास केला होता. सारख्याच कॅलरींचे 38 पदार्थ त्यांनी लोकांना खायला दिले आणि दोन तास त्यांची भूक नोंदवली. पहिला नंबर उकडलेल्या बटाट्याचा आला, पांढऱ्या ब्रेडच्या तिपटीहून जास्त. बटाटा बंद, असं सांगणाऱ्यांचं मला म्हणूनच वाईट वाटतं. चतुर्थीच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन संध्याकाळी हात थरथरतात म्हणणाऱ्यांना मी उकडलेले बटाटे, दही आणि वाटल्यास वर चमचाभर दाण्याचं कूट सांगते.

झोपेकडेही बघा. शेवटची लोकल आणि पहाटेचा डबा यांत पाचच तास मिळत असतील, तर दुसऱ्या दिवशीची भूक उसळीनं भागणार नाही. अशा आठवड्यात मी बारवरची वजनं उतरवते आणि डाएटही थांबवते.

कॅलरी किती कापायच्या, यावर माझं मत ठाम आहे: दिवसाला तीनशे ते चारशे, त्यापुढे नाही. सत्तर किलोच्या माणसाचं आठवड्याला तीनशे-साडेतीनशे ग्रॅम वजन उतरलं तरी ते मला पुरतं. भुकेनं रात्री जाग येत असेल, बारवरचं वजन सतत घसरत असेल, बायकांची पाळी चुकत असेल, तर लगेच पूर्ववत जेवायला लागा आणि डॉक्टरांना भेटा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी तर डाएटच्या आधीच भेटायला हवं.

आणि माझ्या क्षेत्रातल्या तरुण ट्रेनर मुलामुलींना विनंती आहे. समोरचा माणूस डाएट मोडल्याचं सांगायला आला, की ओरडू नका. काल कोणता व्यायाम झाला आणि आज दुपारी चार वाजता काय खाल्लं, हे आधी विचारा.