देशाचं पॅकेज आणि भावाचा बायोडेटा

आपलं पॅकेज आपल्याला झोपेतही पाठ असतं. मित्राचंही साधारण माहीत असतं. पण देशाचं पॅकेज किती? हो, तेही असतं. त्याचं नाव सकल राष्ट्रीय उत्पन्न. फंडा सोपा आहे : देशाच्या हद्दीत जे पिकलं-बनलं, त्याची किंमत म्हणजे जीडीपी. त्यात परदेशातून आपल्याकडे आलेला नफा-व्याज मिळवा, इथून बाहेर गेलेलं वजा करा. उरेल ते आपलं.

आम्हा वऱ्हाडी माणसांना ही वजाबाकी शिकवावी लागत नाही. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ ही आमची लाडकी 'शकुंतला' रेल्वे इंग्रजांच्या क्लिक-निक्सन कंपनीने बांधली, ती इथला कापूस बाहेर नेण्यासाठी. शेत आमचं, घाम आमचा, फायदा सातासमुद्रापार! दादाभाई नौरोजींनी हाच हिशेब देशभराचा मांडला होता. त्यांच्या अंदाजाने 1867-68 मध्ये माणशी उत्पन्न होतं वर्षाला 20 रुपये.

स्वातंत्र्यानंतर महालनोबिस यांच्या समितीने, त्यात आपले धनंजयराव गाडगीळही होते, 1948-49 साठी आकडा काढला : माणशी सुमारे 250 रुपये. 2022-23 मध्ये तो 1 लाख 70 हजारांच्या आसपास गेला. यातला बराच भाग महागाईचा, पण ती वजा केली तरी वाढ कित्येक पटींची आहे. 2007 च्या उत्पन्नावर तर जागतिक बँकेने आपल्याला गरीब देशांच्या गटातून एक पायरी वर नेलं. प्रमोशनच म्हणा ना!

आता माझ्या मामेभावाला भेटा. दर्यापूरकडे सहा एकर, कापूस आणि तूर. बीएस्सी अ‍ॅग्री, दाराशी बुलेट, वय 31. तीन वर्षं त्याचा बायोडेटा अमरावती-अकोल्यात फिरतोय. मुलीकडचे फोटो बघायच्या आधी विचारतात, "नोकरी हाय का?"

आमच्या आबाजींचा हिशेब वेगळाच. "पहिले क्विंटलभर कापसात तोळाभर सोनं येत जाय," ते म्हणतात. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता 8,110 रुपये, आणि सोनं 2025 मध्येच तोळ्याला लाखाच्या वर गेलं. म्हणजे बारा क्विंटलही पुरेनात. "देशाचं वाढलं म्हंता, मंग आपलं काऊन नाई वाढलं वं?" हा त्यांचा प्रश्न मला. पत्रकार ना मी!

उत्तर 'माणशी' या शब्दात आहे. तो फक्त भागाकार आहे. हिंजवडीतला टीम लीडर आणि दर्यापूरचा कापूसवाला एकत्र मोजायचे आणि डोक्यांनी भागायचं. त्यातून कोणाच्या ताटात किती पडलं, ते कळत नाही.

गेल्या महिन्यात भावाचा फोन आला. चाकणला एका गोदामात सुपरवायझर म्हणून लागतोय. शेती ठोक्याने देणार. "आता बायोडेट्यात लिहिता येते, ताई : नोकरी, पुणे," तो हसत म्हणाला. लग्न जमेलही. मामी मात्र त्या दिवशी फोनवर आलीच नाही.

आकडा खोटा नाही, यार. तो अपुरा आहे. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्हानिहाय दरडोई उत्पन्नाचा तक्ता असतो. त्यात मुंबई, ठाणे, पुणे वरच्या ओळींत दिसतात, तर अकोला-अमरावती राज्याच्या सरासरीखाली. पुढच्या वेळी 'इकॉनॉमी सुसाट'ची हेडलाइन दिसली, की कॉफी संपेपर्यंत तो तक्ताही चाळा. आणि ऑफिसात शेजारच्या डेस्कवर एखादा वऱ्हाडी पोट्टा असेल, तर विचारा त्याला, घरचं शेत आता कोण करतं.